डिझेल किती उरलंय? बोटीसाठी लेव्हल सेन्सर घेताना



३१ जुलैपर्यंत बंदी आहे. बोटी किनाऱ्याला आहेत, टाक्या जवळजवळ रिकाम्या आहेत. लेव्हल सेन्सर बसवायचा असेल तर हेच दिवस. "कुठला घेऊ?" असं बरेच मालक विचारतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दांडी घालून डिझेल बघायची आपली पद्धत वाईट नाही. पण रात्री, बोट हलत असताना टाकीचं झाकण कोण उघडणार? जाळं पाण्यात असताना डिझेल संपलं की इंजिन नुसतं बंद पडत नाही. तळाचा गाळ आणि हवा लाइनमध्ये शिरते. मग फिल्टर बदला, हवा काढा, आणि तोवर बोट वाऱ्याच्या हवाली.

आधी तळातलं पाणी, मग डिझेल

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर पहिला फ्लोट स्विच बोटीच्या तळाला बसवा. पाणी वाढलं की तरंगणारा भाग वर उचलला जातो आणि पंप चालू होतो. तो सगळ्यात खोल जागी हवा. त्याच्या थोडा वर दुसरा बसवून त्याला फक्त भोंगा जोडा. पंप बिघडला तरी भोंगा वाजेल. वायर फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घ्या. मुख्य स्विच बंद करून सगळे घरी गेले तरी जेटीवरच्या बोटीत पंप चालला पाहिजे.

डिझेल टाकीसाठी काय?

१) फ्लोटवाला सेन्सर: दांडीवर फ्लोट वरखाली सरकतो आणि काटा हलतो. साधा, स्वस्त, दुरुस्त करता येणारा. आपल्या बहुतेक बोटींना हाच पुरतो. गाळ बसला तर फ्लोट अडकतो, म्हणून दर बंदीत काढून पुसा.

२) अल्ट्रासोनिक: वरून आवाजाची लहर सोडून पातळी मोजतो, डिझेलला शिवत नाही. पण टाकीच्या वरच्या काही इंचांत त्याला दिसत नाही आणि फेस किंवा हेलकावे असले की आकडा नाचतो. बुटक्या टाकीला घेऊ नका.

३) कॅपॅसिटिव्ह: यात हलणारा भाग नाही. पण डिझेलखाली पाणी साचलं तर आकडा चुकतो, कारण पाणी आणि डिझेल त्याला फार वेगळे लागतात. बाहेरून चिकटवायचा प्रकार लोखंडी टाकीवर चालत नाही, प्लास्टिक किंवा फायबरच्या टाकीवरच चालतो.

४) प्रेशरवाला: तळावरच्या दाबावरून उंची काढतो. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. सेन्सर पाण्यासाठी लावलेला असेल तर १ मीटर डिझेलला साधारण ८४ सेंटीमीटरच दाखवेल. घेताना "डिझेलसाठी सेट करून द्या" असं सांगा.

दुकानात विचारायचे प्रश्न

- सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे आहेत का? काही सेन्सर २४० ते ३३ ओहमचे असतात, काही १० ते १८० ओहमचे. जोडी चुकली तर टाकी भरलेली असताना काटा रिकामी दाखवेल.
- आपली बॅटरी १२ व्होल्ट की २४?
- स्टील ३१६ आहे का? खाऱ्या हवेत ३०४ लवकर गंजतं.
- आयपी ६७ किंवा ६८ आहे का? वायर कल्हईची तांब्याची आहे का?
- ओबीएमची पेट्रोल टाकी असेल तर पेट्रोलसाठीच बनवलेला सेन्सर घ्या. तिथे एक ठिणगी पुरते.

बसवताना

सेन्सर टाकीच्या मधोमध घ्या. कडेला असला तर बोट कलली की काटा खोटं बोलतो. वेल्डिंग करायचं असेल तर टाकी आधी पूर्ण रिकामी आणि साफ करून, आतली वाफ घालवून, जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या बऱ्याच टाक्या बोटीच्या पोटाच्या आकाराने खाली निमुळत्या असतात. काटा अर्ध्यावर म्हणजे डिझेल अर्धं, असं नसतं. टाकी पूर्ण त्रिकोणी असेल तर अर्ध्या उंचीला फक्त पाव डिझेल असतं! यात भलेभले फसतात. म्हणून ऑगस्टसाठी डिझेल भरताना बोट सरळ असताना ५०-५० लिटर मोजून ओता. दर वेळी काटा कुठे आला आणि दांडी कुठवर भिजली ते लिहा. हा तक्ता केबिनमध्ये लावा आणि एक प्रत घरी हिशेबाच्या वहीत ठेवा. फेरीला किती डिझेल गेलं ते घरच्यांनाही कळेल.

आणि दांडी फेकू नका. दर फेरीआधी दांडी आणि काटा जुळतात का बघा, तळाचा स्विच हाताने उचलून पंप चालतो का बघा. दोन मिनिटांचं काम आहे. सेन्सर बिघडला तर तो जेटीवरच कळू दे, समुद्रात नको.

तक्ता कसा करायचा यात अडलं तर संस्थेच्या ऑफिसात या, मिळून करू.