पाचोळ्यातल्या नवरंगाची दीडशे वर्षं

वरोऱ्यात 1871 मध्ये कोळशाची खाण सुरू झाली. त्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आली आणि 1906 मध्ये खाण बंदही पडली. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलाची बाहेरच्या जगाला ओळख झाली ती जमिनीखालच्या कोळशामुळे आणि जमिनीवरच्या सागवानामुळे. या दोहोंच्या मधे, झुडपांच्या सावलीत, ओला पाचोळा उलथत हिंडणारा नवरंग मात्र कुणाच्याच हिशेबात आला नाही. दीडशे वर्षं मागे वळून पाहताना मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

नवरंग साळुंकीहून लहान. पाठ हिरवी, खांद्यावर निळा चटका, डोळ्यावरून काळा पट्टा, पोटाखाली लालभडक. एवढे रंग असूनही तो पटकन दिसत नाही. आधी ऐकू येते ती पहाटे आणि सांजवेळी घातलेली त्याची दुपदरी शीळ. मे संपता संपता, मृगाच्या आसपास तो आपल्या रानांत येतो. हिवाळा काढतो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत. तिथल्या डोंगरमाथ्यावरच्या नुवारा एलिया शहरातल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये लोक खास त्याला पाहायला जातात. प्रवास रात्रीचा, त्यामुळे वाटेत थकून शहरांतल्या घरांत, गॅलऱ्यांत पडलेले नवरंग दर वर्षी सापडतात.

त्याची नोंद तशी जुनी. लिनियसने 1766 मध्येच त्याला शास्त्रीय नाव दिलं. नागपूरच्या संग्रहालयातले डी'आब्रू यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी 1935 मध्ये छापली. पुढे मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत विदर्भातल्या आदिवासींकडून पाखरांची नावं आणि सवयी टिपून घेतल्या, ते काम मला या सगळ्यांत मोलाचं वाटतं. पण याद्या वाढल्या म्हणून जंगलाचा कारभार बदलला नाही. 1945 मध्ये बल्लारपूरचा कागद कारखाना उभा राहिला आणि बांबू हा कच्चा माल झाला. 1955 मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. वाघामुळे मिळालेल्या संरक्षणाचा नवरंगालाही फायदा झाला, हे मान्य करायलाच हवं. 2009 मध्ये ताडोबालगतच्या लोहारा खाणीला चंद्रपूरकरांनी कडाडून विरोध केला, तेव्हा वाचलं ते रानही केवळ वाघाचं नव्हतं.

तरीही नवरंगाच्या विणीचा काळ आपल्या नजरेआडच राहिला. जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा गाभा पर्यटकांना बंद असतो आणि नवरंगाची पिल्लं वाढतात ती याच पावसात. भुईवर किंवा बुटक्या झुडपात काटक्या-पानांचं गोल घरटं, दार बाजूने. नर-मादी दोघंही भरवतात. गांडुळं, किडे, अळ्या, सगळं पाचोळ्याखालून उकरून काढलेलं. म्हणजे त्याचं अन्न, आडोसा आणि घर या तिन्ही गोष्टी गुडघाभर उंचीच्या आत आहेत.

नेमकी हीच गुडघाभर उंची आपण दर उन्हाळ्यात जाळतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणूनही आग लागते. वारा असला की ती झाडाखाली थांबत नाही. सागाचं मोठं खोड तगतं, वाघ दुसरीकडे निघून जातो, आणि पाहणाऱ्याला जंगल शाबूत वाटतं. नवरंग येतो तेव्हा खाली राख असते. पहिल्या पावसात गवत उगवेल. पण पाचोळ्याचे थर आणि झुडपांची सावली महिनाभरात परत येत नाही.

मोह वेचणाऱ्या बाया-माणसांना दोष देऊन सुटण्यासारखं हे नाही. मोह आणि तेंदू ही त्यांच्या वर्षाची कमाई आहे. पण पाला झाडून बाजूला करता येतो, झाडाखाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरता येतं, आणि त्यावरची फुलं स्वच्छ राहतात. तेंदूची झुडपं छाटली तरी नवी पालवी येते. वनखात्याने जाळरेषांवर जेवढा खर्च करावा तेवढाच या जाळ्यांवरही करावा, आणि त्या फुलं पडायच्या आधी गावात पोचवाव्यात. वरोरा, चिमूर, भद्रावतीच्या गावांमधल्या वाचकांना माझी विनंती एवढीच: येत्या मार्चमध्ये आपल्या शिवारातल्या मोहाखाली काडी लावू नका, आणि कुणी लावत असेल तर त्याला थांबवा.