खांब कुणाच्या हातचे?

फ्रान्स आणि अमेरिका यांच्या नवअभिजात वास्तुशैलीची तुलना बहुधा खांब, त्रिकोणी शिखरपट्टी आणि घुमट यांच्यापाशीच थांबते. मला ती कारागिरांपासून सुरू करावीशी वाटते. पॅरिसचं पांथिऑं १७९० साली पूर्ण झालं, तेव्हा कोरिंथियन खांबांवरची नाजूक पानं दगडात उतरवणारे पाथरवट तिथे पिढ्यानपिढ्या होते. थॉमस जेफरसननं १७८५ मध्ये व्हर्जिनियाच्या विधान भवनासाठी फ्रान्समधल्याच नीमच्या रोमन मंदिराचा नमुना घेतला. पण त्या खांबांचे माथे बदलून त्यानं सोपे आयोनिक केले, कारण कोरिंथियन नक्षी कोरणं तिकडे अवघड होतं. भिंती विटांच्या, वरून गिलावा. आपल्या मुंबईत १८३३ साली टाऊन हॉल उभा राहिला, त्याच्या डोरिक खांबांसाठी तर दगडच इंग्लंडहून आणला गेला.

या सगळ्यांच्या शेजारी जयपूर ठेवून पाहिलं की थक्क व्हायला होतं. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या शहराचे काटकोनी रस्ते वॉशिंग्टनच्या १७९१ च्या आराखड्याहून चौसष्ट वर्षं जुने. सॅम्युएल स्विंटन जेकब हे लष्करी अभियंते १८६७ साली इथे आले, तेव्हा महाराजा रामसिंगांच्या राज्यात दगड कोरणाऱ्या हातांची वाण नव्हती. जेकब यांनी ते हात ओळखले, हे त्यांचं सर्वांत मोठं श्रेय. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते अल्बर्ट हॉलची पायाभरणी झाली आणि १८८७ मध्ये संग्रहालय खुलं झालं. छत्र्या, छज्जे, जाळ्या, महिरपी असं सगळं इथल्या घडणीचं. ग्रीस आणि इजिप्त आले ते भिंतींवरच्या चित्रांमधून. इमारतीचा भार त्यांच्यावर टाकलेला नाही.

जेकब यांचं त्याहून मोलाचं काम म्हणजे १८९० पासून निघालेले ‘जयपूर पोर्टफोलिओ’चे बारा खंड. जुन्या वास्तूंचे जोते, खांब, कमानी, कठडे, छज्जे पेलणाऱ्या तोड्या मोजून काढलेली ही रेखाटनं. त्यात इमारतवार मांडणी नाही, अवयववार आहे. तोडी घडवायची असेल तर वेगवेगळ्या ठिकाणच्या तोड्या शेजारी-शेजारी ठेवून पाहता याव्यात म्हणून. पानं सुटी, म्हणजे कारागिराला कामावर नेता येतील अशी. पॅरिसची अकादमी रोमच्या अवशेषांची मापं घ्यायला विद्यार्थी पाठवत असे. जयपूरनं तेच आपल्या वास्तूंसाठी केलं, आणि रेखाटणारे बहुतांशी इथलेच होते.

म्हणून दिल्लीत राष्ट्रपती भवनासमोरचा जयपूर स्तंभ मला खटकतो. खर्च महाराजा माधोसिंगांचा, आराखडा वास्तुकार ल्यूटेन्सचा आणि कल्पना रोमन विजयस्तंभाची. माथ्यावर कमळ आहे खरं. पण जयपूरच्या नावानं उभ्या राहिलेल्या त्या खांबात जयपूरच्या पाथरवटाला सुचलेलं असं काही मला सापडत नाही.