चुकलेली पेशी आणि पकड वॉरंट

गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगड ठाण्याच्या हद्दीतले लहानसहान फौजदारी खटले देवरीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात, मोठे गोंदियाच्या सत्र न्यायालयात जातात. मोहफुलाच्या दारूवरची धाड, धुऱ्यावरून झालेली मारामारी, जुगार, मोटारसायकलचा अपघात असल्या प्रकरणांत आरोपीला जामीन लवकर मिळतो, पण खटला मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतो. तेवढ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, मग रोवणी, मग कुणी मिरची तोडायला तेलंगणात जातो. अशा वर्षात एखादी पेशी चुकते. कोर्टात नावाचा पुकारा होतो, कुणी उभे राहत नाही, आणि रोजनाम्यात वॉरंटची नोंद होते. ही बातमी घरी पोचली की अशा वेळी मिळणारा पहिला सल्ला बहुधा एकच असतो: काही दिवस गावात दिसू नकोस. माझ्या मते पेशी चुकण्यापेक्षा हा सल्ला जास्त घातक आहे. पेशी चुकल्याचे नुकसान बहुतेक वेळा एका अर्जाने भरून निघते. लपण्याचे नुकसान दर महिन्याला वाढत जाते आणि ते आरोपीपुरते उरत नाही, त्याला जामीन राहिलेल्या माणसाच्या शेतापर्यंत पोचते.

आधी वॉरंट कशासाठी असते ते पाहू. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण वॉरंटचा गाभा तोच राहिला. माणसाला न्यायालयापुढे आणणे हा त्याचा हेतू. गैरहजेरीची शिक्षा म्हणून ते काढायचे नसते. जामीनपात्र वॉरंटवर रक्कम आणि जामीनदारांची संख्या न्यायालयानेच लिहिलेली असते. तेवढा बंधपत्राचा कागद करून दिला की पोलिसांना त्या माणसाला सोडावेच लागते. ज्याला ठाण्यात पकड वॉरंट म्हणतात ते अजामीनपात्र. त्यात पोलीस अटक करतात आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत न्यायालयापुढे उभे करतात. सोडायचे की नाही ते न्यायाधीश ठरवतात. वॉरंट लेखी असते, त्यावर न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाचा शिक्का असतो, आणि मागितले तर पोलिसांनी ते दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. नुसते ‘तुझं वॉरंट आहे, चल’ एवढ्यावर भागत नाही.

आता लपण्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा समज घेऊ. वर्ष-दोन वर्षे गेली की वॉरंट आपोआप जुने होते, असे पुष्कळांना वाटते. संहितेचे कलम 72 याच्या नेमके उलट सांगते. वॉरंट बजावले जाईपर्यंत, किंवा काढणारे न्यायालय ते रद्द करीपर्यंत ते लागूच राहते. ठाण्याच्या नोंदवहीत ते पडून असते आणि निवडणूक जाहीर झाली की बाहेर निघते, कारण प्रलंबित वॉरंटे बजावण्याची सूचना निवडणूक आयोग पोलिसांना देतो. दरम्यान पासपोर्टचा अर्ज केला तर 1967 च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तेवढ्या कारणावरून तो नाकारता येतो. आरोपी फरार आहे किंवा लपून बसला आहे असे न्यायालयाला वाटले तर उद्घोषणा निघते. ती गावात ठळक ठिकाणी वाचली जाते, घरावर चिकटवली जाते, आणि हजर होण्यासाठी किमान 30 दिवसांची मुदत मिळते. पुढे मालमत्तेच्या जप्तीचा आदेश होऊ शकतो. शिवाय जामिनावर सुटलेला माणूस पुरेशा कारणाशिवाय हजर राहिला नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 खाली तो वेगळाच गुन्हा ठरतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उद्घोषणेनंतरही न आलेल्याला तीन वर्षांपर्यंत. म्हणजे मूळ खटल्यात निर्दोष सुटण्याची शक्यता असलेला माणूस लपल्यामुळे दुसऱ्या गुन्ह्यात दोषी ठरू शकतो.

आणि जामीनदार? त्याने सातबारा दाखवून, सही करून कोर्टाला शब्द दिलेला असतो. आरोपी आला नाही की बंधपत्र जप्त होते, आणि रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस जामीनदाराला येते. रक्कम भरली नाही आणि वसूलही झाली नाही, तर त्याला दिवाणी तुरुंगात सहा महिन्यांपर्यंत ठेवण्याची तरतूद आहे. हा जामीनदार सहसा भाऊ, मामा किंवा शेजारचा शेतकरी असतो. ज्या गावात अडचणीला हीच माणसे धावतात, तिथे पुढच्या वेळी सही करायला कोणी पुढे येईल का, याचा विचार लपणाऱ्याने करायला हवा. रक्कम काही अंशी माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण आरोपी स्वतः लवकर हजर झाला असेल तरच त्या विनंतीला वजन येते.

स्वतःहून जाणाऱ्याचे काय होते? तो वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज देतो, गैरहजेरीचे कारण लिहितो आणि जमेल तो पुरावा जोडतो. सरकारी दवाखान्याचा कागद, मयतीचा दाखला, मुकादमाकडचा हजेरीचा कागद, गाडीचे तिकीट, काहीही चालते. खोटा दाखला मात्र कधीही जोडू नये. तारीख विसरली असेल तर तसेच सांगावे. पहिल्याच चुकीत न्यायालये बहुधा ताकीद देऊन, काही खर्च लावून किंवा नवा जामीन घेऊन वॉरंट रद्द करतात. जुने बंधपत्र मोडलेले असल्यामुळे नव्याने जामीनदार लागू शकतो, म्हणून त्याला सोबत नेलेले बरे. अर्जासाठी पुढच्या पेशीची वाट पाहायची नसते. न्यायालय चालू असलेल्या दिवशी प्रकरण बोर्डावर घेण्याची विनंती करता येते.

यावर पहिला आक्षेप भीतीचा आहे: गेलो आणि आत टाकले तर? हे अशक्य नाही. पाच-सहा तारखा चुकवल्या असतील, आधीही वॉरंट रद्द करून घेतले असेल, गुन्हा गंभीर असेल, तर न्यायाधीश कोठडीत पाठवू शकतात. ही जोखीम लपवून सल्ला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तुलना तुरुंग आणि घर यांच्यात नाही. आपल्या पायांनी, वकील आणि जामीनदार सोबत घेऊन आलेला माणूस एका बाजूला आणि पहाटे घरातून उचलून आणलेला दुसऱ्या बाजूला, अशी ती आहे. ‘हा पुन्हा येईल का?’ हाच न्यायाधीशांपुढचा मुख्य प्रश्न असतो आणि पहिल्याने त्याचे अर्धे उत्तर आधीच दिलेले असते.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. रोजीवर जगणाऱ्याने पेशीसाठी चिचगडहून देवरीला, कधी गोंदियाला जायचे, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि साहेब रजेवर आहेत म्हणून पुढची तारीख घेऊन परतायचे, हे किती वेळा करावे? हा अन्याय आहेच. पण कायद्याने त्याची वाट थोडी मोकळी ठेवली आहे आणि तिचा उपयोग फार कमी होतो. योग्य कारण असेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज देता येतो (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 355). न्यायालयाने समन्स काढले असेल तर सुरुवातीलाच व्यक्तिशः हजेरीतून सूट मागता येते (कलम 228). रोवणीला किंवा तेलंगणात जायचे असेल तर निघण्याआधी वकिलाला सांगणे हे परतल्यावर वॉरंट रद्द करत बसण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. वकिलाचे पैसे नसतील तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. चिचगडच्या पंचक्रोशीत आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. हा हक्क त्यांच्यासाठीच लिहिलेला आहे. 15100 हा विधी सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक टाकून मोबाइलवर पाहता येते. तो क्रमांक पहिल्याच पेशीला लिहून घ्यावा.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो. वॉरंट इतक्या सहज रद्द होत असेल तर न्यायालयाला कोण भिणार? ज्याचे डोके फुटले तो फिर्यादी आणि त्याचे साक्षीदारही मजुरी बुडवूनच आलेले असतात. आरोपी नाही म्हणून ते तसेच परततात. त्यांची तक्रार रास्त आहे, आणि मुद्दाम तारखा चुकवणाऱ्यावर कडक व्हायलाच हवे. पण सरसकट पकड वॉरंट हा त्यावरचा उपाय नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात पायऱ्या सांगितल्या: आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि माणूस जाणूनबुजून टाळतो आहे अशी खात्री पटली की अजामीनपात्र. जुलै 2022 च्या सतेंदर कुमार अंतिल निकालातही हाच क्रम आला. मजुरीसाठी बाहेरगावी असल्याने समन्स हाती न पडलेला आणि समन्स घेऊनही न आलेला, या दोघांना एकाच मापाने मोजले तर फिर्यादीलाही न्याय लवकर मिळत नाही, फक्त कोठडी भरते. समन्स मिळालेच नसेल तर ते अर्जात स्पष्ट लिहावे. मात्र पत्ता बदलल्याचे कोर्टाला न कळवता हे कारण पुन्हा पुन्हा चालणार नाही. नव्या संहितेत घरातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीकडे, म्हणजे बाईमाणसाकडेही, समन्स देता येते. पूर्वी प्रौढ पुरुष लागत असे. त्यामुळे घरी आलेला कागद कुणाच्या हाती पडला आणि त्यावर कोणती तारीख आहे, हे कुटुंबात सगळ्यांनी एकमेकांना सांगायला हवे.

वॉरंट रद्द झाले तरी काम संपत नाही. मुंबईतील एका वकिलाविरुद्ध 7 ऑगस्ट 2002 रोजी अजामीनपात्र वॉरंट निघाले. त्यांनी 12 ऑगस्टला हजर होऊन ते रद्द करून घेतले, आणि तरीही 15 ऑगस्टला त्याच वॉरंटवर त्यांना अटक झाली. हे रघुवंश देवानचंद भसीन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर 2011 च्या निकालात न्यायालयाने वॉरंटच्या नोंदवह्या कशा ठेवाव्यात हे सांगितले. वॉरंट रद्द झाल्याच्या आदेशाची प्रत पोलिसांना पाठवावी आणि आरोपीलाही द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. जे मुंबईत कायदा जाणणाऱ्या माणसाच्या बाबतीत घडले, ते चिचगडच्या मजुराच्या बाबतीत सहज घडू शकते. म्हणून देवरीहून निघताना आदेशाची प्रत मागून घ्या. तिची एक झेरॉक्स चिचगड ठाण्यात देऊन पोच घ्या, एक जामीनदाराकडे द्या, आणि पुढची पेशी होईपर्यंत एक स्वतःच्या खिशात ठेवा.