माजलगाव धरणासारखी काम करते 'कॅशिंग प्रॉक्सी', पण ती दुकानात बसवली की साइट पळायला लागेल का?

पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की माजलगावातल्या कुठल्याही सेवा केंद्राबाहेर साधारण सारखंच चित्र असतं. आत चार कॉम्प्युटर, बाहेर सातबारा आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन बसलेले शेतकरी, आणि स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र. गंमत म्हणजे त्याच वायफायवर कोपऱ्यातला एखादा पोरगा यूट्यूबवरचा व्हिडिओ न अडकता बघत असतो.

मग स्लो नक्की काय आहे? नेट की साइट?

अशा वेळी कुणीतरी जाणकार सांगतो, "एक जुना कॉम्प्युटर घ्या, त्यावर कॅशिंग प्रॉक्सी टाका, सगळं पळायला लागेल." सल्ला खोटा नाही. पण वीस वर्षांपूर्वी तो जितका खरा होता, तितका आज राहिलेला नाही.

आता ही कॅशिंग प्रॉक्सी म्हणजे काय ते बघू. माजलगावकरांना हे समजायला फार लांब जावं लागत नाही. गोदावरीवर पैठणला जायकवाडीचं धरण आहे. तिथून निघालेला उजवा कालवा १३२ किलोमीटरचा प्रवास करून सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात पाणी आणून सोडतो. पाणी एकदा इथे येऊन साठलं की पुढची पाळी इथूनच सुटते.

प्रॉक्सी हेच करते. केंद्रातल्या पहिल्या कॉम्प्युटरने एखादी फाइल मागितली की ती लांबच्या सर्व्हरवरून आणून देते आणि एक कॉपी स्वतःकडे ठेवते. दुसऱ्याने तीच फाइल मागितली की ती दुकानातूनच मिळते. (इथे कॅशचा रोकडीशी संबंध नाही. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ लपवून ठेवणं.)

यासाठी सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे १९९६ मध्ये आलेलं 'स्क्विड'. लिनक्सवर ते दहा मिनिटांत बसतं. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये रॅम किती वापरायची, डिस्कवर किती जागा द्यायची आणि सर्वात मोठी किती एमबीची फाइल साठवायची हे लिहायचं. ही शेवटची मर्यादा मुळात फक्त ४ एमबी असते. ती वाढवली नाही तर मोठी फाइल साठतच नाही आणि माणूस म्हणतो, प्रॉक्सीचा काही उपयोग नाही. नंतर प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या मशीनचा आयपी पत्ता आणि ३१२८ हा पोर्ट टाकायचा. परवानगी मात्र फक्त आपल्या दुकानातल्या नेटवर्कलाच द्यायची. उघडी सोडलेली प्रॉक्सी बाहेरचे लोक शोधून काढतात, उद्योग ते करतात आणि पत्ता तुमच्या कनेक्शनचा निघतो.

फायदा किती? ५० एमबीची फाइल १० कॉम्प्युटरांनी वेगवेगळी उतरवली तर ५०० एमबी होतात. १० एमबीपीएसच्या लाइनवर त्याला साधारण ७ मिनिटं लागतात. एकदाच बाहेरून आणली तर ४० सेकंद.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरच्या डायल-अपच्या काळात ही बचत सोन्यासारखी होती. आयआयटी मुंबईच्या होस्टेलमध्ये तर ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता टाकल्याशिवाय बाहेरच्या साइट उघडतच नसत.

मग बिघडलं कुठे? साइटच्या नावाआधी कुलूप दिसायला लागलं तिथे.

तेव्हा बहुतेक पानं उघड्या पोस्टकार्डासारखी यायची, मधला माणूस वाचू शकायचा. २०१५ च्या डिसेंबरमध्ये 'लेट्स एन्क्रिप्ट'ने सर्वांना फुकट सर्टिफिकेट द्यायला सुरुवात केली, २०१८ च्या जुलैपासून क्रोम कुलूप नसलेल्या साइटवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारू लागला. आता जवळपास सगळं बंद पाकिटातून येतं. दुकानातल्या प्रॉक्सीला पाकीट कुठल्या साइटचं आहे एवढं कळतं, आत काय आहे ते नाही. मग कॉपी कशाची ठेवणार? स्क्विडची नोंदवही उघडली तर 'हिट'ऐवजी 'टनेल' या शब्दाची रांग दिसते. म्हणजे पाकीट आलं तसं पुढे गेलं.

पाकीट फोडण्याची सोय स्क्विडमध्ये आहे. प्रत्येक कॉम्प्युटरवर स्वतःचं सर्टिफिकेट बसवून हे करता येतं. पण ज्या दुकानात लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे ओटीपी टाकले जातात, तिथे हा प्रकार करूच नये. चार सेकंद वाचवायला गावाचा विश्वास गहाण पडतो.

आणि पाकीट फोडलं तरी विम्याच्या फॉर्मला काय मिळणार? प्रत्येकाचा गट नंबर वेगळा, खातं वेगळं, ओटीपी वेगळा. दोनदा वापरता येईल असं तिथे लोगो आणि थोडी सजावट एवढंच असतं, आणि ते ब्राउझर स्वतःच साठवतो.

मग त्या पोराचा व्हिडिओ कसा चालतो? तर कॅश संपलेली नाही, तिने जागा बदलली आहे. गूगल आपल्या व्हिडिओंच्या कॉप्या असलेली मशीन थेट इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यात नेऊन ठेवतं. तेच पाकीट, पण ते गूगलच्याच मशीनमधून निघतं, म्हणून फोडायची गरज नाही.

साइटवाल्यालाही हे जमतं. आपल्या सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्स किंवा व्हार्निशसारखी कॅश ठेवायची. सर्वांना सारखं दिसणारं पान फक्त एक सेकंद साठवलं, तरी सेकंदाला हजार लोक आल्यावर मूळ सर्व्हरला एकदाच उठावं लागतं. दहावीच्या निकालाचं पहिलं पान याचं अगदी योग्य गिऱ्हाईक.

मात्र सर्वांसाठीचं पान कोणतं आणि एकट्याचं कोणतं, हे ठरवताना चूक झाली तर काय होतं, हे २५ डिसेंबर २०१५ ला 'स्टीम' या गेमिंग साइटवर दिसलं. गर्दीचा हल्ला थोपवताना कॅशची सेटिंग चुकली आणि साधारण ३४ हजार ग्राहकांची खाजगी पानं भलत्यांनाच दिसण्याची वेळ आली. विम्याच्या किंवा बँकेच्या पोर्टलवर अशी चूक परवडणारी नाही.

तर मग माजलगावच्या केंद्रचालकाने काय करावं? विंडोजच्या अपडेट सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कवरच्या इतर कॉम्प्युटरकडून डाउनलोड घेण्याची परवानगी असते, ती चालू करावी. अपडेट बऱ्याच अंशी आपापसात वाटून घेतलं जातं, म्हणजे जुन्या प्रॉक्सीचं निम्मं काम प्रॉक्सीशिवायच झालं. गर्दीच्या दिवसांत अपडेट पुढे ढकलावं, ते आणखी सोपं.

आणि दोष कुणाचा हे बघायचं असेल तर साइट उघडताना क्रोममध्ये एफ-१२ दाबा, 'नेटवर्क'वर जा आणि पान पुन्हा लोड करून सगळ्यात हळू ओळीवर क्लिक करा. 'टायमिंग'मध्ये सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात बराच वेळ जातोय आणि त्याच वेळी बाकी साइट भराभर उघडतायत, तर सर्व्हर तिकडे थकलाय. अशा वेळी नवं राउटर घेऊन पैसे घालवू नका. तो फॉर्म पहाटे, गर्दी नसताना भरा. वाट पाहणं थोडं आणि डाउनलोडचा पट्टा लांबलचक, तर मात्र लाइन देणाऱ्याला फोन लावा.