हाडांचा पाया लहानपणीच भरतो

हाड म्हटले की दगडासारखी निर्जीव वस्तू डोळ्यांपुढे येते. पण हाड जिवंत असते. त्यात रक्त वाहते, जुना भाग झिजतो, नवा भरतो. म्हणून तर मोडलेले हाड पुन्हा सांधते.

आईच्या पोटात बाळाचा बहुतेक सांगाडा आधी कूर्चेचा असतो. नाकाचा शेंडा दाबून पाहा, तशी ती मऊ व लवचीक असते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून तिच्या जागी कॅल्शियम व फॉस्फरस साठून हाड बनू लागते. जन्मतः बाळाला सुमारे 300 हाडे असतात. पुढे काही एकमेकांना जुळून मोठेपणी 206 उरतात.

हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. तिथेच उंची वाढते. साधारणपणे मुलींमध्ये 14 ते 16 आणि मुलांमध्ये 16 ते 18 वर्षांच्या सुमारास ही पट्टी हाडात बदलते व उंची थांबते. त्यानंतरही पंचविशी-तिशीपर्यंत हाडे भरत राहतात. म्हातारपणी हीच शिल्लक कामी येते.

नुसते कॅल्शियम खाऊन भागत नाही. ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे, आणि ते मुख्यतः उन्हामुळे कातडीत तयार होते. आपल्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांत, पत्र्याच्या खोल्यांत ऊन पोचत नाही. मग हाडे मऊ राहतात, अंगाच्या भाराने पाय वाकतात. हाच मुडदूस. लहान बाळाचे पाय थोडे बाकदार असतातच. पण दोन वर्षांनंतरही बाक वाढत असेल, मनगटे जाड दिसत असतील, मूल उशिरा चालत असेल, तर दवाखान्यात दाखवा. गंडा-दोरा बांधून वेळ घालवू नका. वेळेत औषध मिळाले तर बरेचदा पाय सरळ होतात.

घरी काय करता येईल?

• मुलांना रोज उघड्या हातापायांनी उन्हात खेळू द्या. बंद काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही. उन्हाळ्यात भर दुपार टाळा.
• नाचणीची भाकरी, तीळ, दही, काट्यांसकट खाल्ली जाणारी सुकी मासळी जेवणात ठेवा.
• गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

मुलगा असो वा मुलगी, ताटातला वाटा सारखाच हवा. उद्या मुलीच्या हाडांवरही तितकाच भार पडणार आहे.