कॉर्कची चर्चं: दिसतात तेवढी जुनी नाहीत

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कॉर्क काउंटीत टोकदार कमानी आणि आभाळात घुसलेले कळस दिसले, की पर्यटक ‘मध्ययुगीन’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात यातली ठळक चर्चं व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधायला घेतलेली आहेत. शैली गॉथिक, वय मात्र आपल्या व्हीटी स्टेशनच्या आसपासचं.

कोव्ह बंदरावरचं सेंट कोलमन कॅथेड्रल घ्या. टायटॅनिकच्या प्रवाशांनी निरोप घेताना त्याचा कळस पाहिला, असं हौसेनं सांगितलं जातं. जहाज 11 एप्रिल 1912 रोजी इथून निघालं आणि कळस पुरा झाला 1915मध्ये! शिवाय जहाज धक्क्याला लागलंच नव्हतं. ते बंदराच्या तोंडाशी उभं होतं आणि प्रवासी छोट्या बोटींतून नेले गेले.

दुसरी समजूत जास्त खोडकर आहे. राणीच्या भेटीनंतर 1849मध्ये गावाचं नाव क्वीन्सटाउन झालं (ते 1920पर्यंत टिकलं), म्हणून चर्चही ब्रिटिश सरकारच्या पैशातलं असणार, असं मानलं जातं. खरी गोष्ट उलटी आहे. आयर्लंडमधली जुनी कॅथेड्रलं धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट चर्चकडे गेली होती. कॅथलिकांवरची उरलीसुरली मोठी राजकीय बंधनं 1829मध्ये उठली आणि मग त्यांनी स्वतःची देवळं नव्यानं बांधायला घेतली. सेंट कोलमनचं काम 1868मध्ये सुरू झालं. आयर्लंडमधला महादुष्काळ सरून वीस वर्षंही झाली नव्हती. पैसा आला तो स्थानिक वर्गणीतून आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेल्या आयरिश माणसांकडून. याला राजनिष्ठेचं स्मारक म्हणणं म्हणजे देणगीदारांची थट्टा आहे.

मग आयर्लंडमधलं प्रत्येक भव्य चर्च कॅथलिक? तेही नाही. कॉर्क शहरातलं तीन कळसांचं सेंट फिन बार कॅथेड्रल प्रोटेस्टंट आहे. विल्यम बर्जेस या इंग्रज वास्तुकारानं 1863मध्ये त्याच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली तेव्हा खर्चाची मर्यादा 15,000 पौंड होती. प्रत्यक्षात लाखाच्या वर गेले. माझ्या मते शहराचा सौदा तरीही स्वस्तात झाला.

आणि या सगळ्याचा मुंबईशी काय संबंध, असं वाटत असेल तर तोही गैरसमजच. याच बर्जेसनं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठी आराखडा केला होता, पण ती इमारत बांधलीच गेली नाही. ते नकाशे घेऊन मुंबईत आलेल्या त्याच्या शिष्यानं, विल्यम इमर्सननं, पुढे क्रॉफर्ड मार्केटचा आराखडा केला.