हिस्टामीन टाळताना कंदमुळांची भाजी

जेवणानंतर चेहरा लाल होणे, नाक गळणे, खाज सुटणे, डोके ठणकणे हे वारंवार होत असेल आणि डॉक्टरांनी कमी हिस्टामीनचा आहार सुचवला असेल, तर पहिला प्रश्न येतो तो 'मग खायचे काय?' हा. गाजर, बीट, रताळे आणि बटाटा यांपासून निर्धास्त सुरुवात करता येते.

हिस्टामीन हे रसायन आपल्या शरीरातही असते. अन्नात ते जीवाणूंमुळे, प्रथिनांतील हिस्टिडीन या घटकापासून तयार होते. आतड्यातले डीएओ हे विकर, म्हणजे रसायनांचे विघटन घडवणारे द्रव्य, त्याचा निचरा करते. ते कमी पडले की त्रास होतो. मुरलेले चीज, वाइन, नीट न राखलेला बांगडा यांत हिस्टामीन भरपूर असते. ताज्या कंदमुळांत मुळात प्रथिनेच थोडी, म्हणून ते नगण्य.

बाजारातून घट्ट, न सुकलेली कंदमुळे आणावीत.

सुरण आणि अळकुडी मात्र सुरुवातीचे काही आठवडे बाजूला ठेवावीत. त्यांनी घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हिस्टामीनचा तिथे संबंध नाही. पण खाज कशाची हे आपल्याला ओळखता येत नाही आणि दोष भलत्याच पदार्थावर जातो.

खरी चूक होते ती भाजीच्या सोबत्यांत. रताळ्याच्या किसात दाण्याचे कूट पडते, बिटाच्या कोशिंबिरीत दही, बटाट्याच्या रश्शात टोमॅटो. हे तिन्ही पदार्थ अनेक पथ्याच्या याद्यांत वर्ज्य आहेत. गाजराची आंबवलेली कांजीही टाळावी. जिऱ्याची साधी फोडणी आणि ताजे खोबरे एवढ्यावर भाजी छान होते.

दुसरी चूक शिळ्याची. एकदा तयार झालेले हिस्टामीन उकळूनही जात नाही. डाळ, मटण किंवा मासळी घातलेला रस्सा सकाळचा रात्री गरम करून खाल्ला, तर कंद निर्दोष असूनही त्रास होऊ शकतो. उरलेले अन्न लगेच लहान डब्यांत फ्रीजरमध्ये ठेवावे आणि बाहेर काढले की तेव्हाच संपवावे.

दोन ते चार आठवड्यांनी बरे वाटले, तर वगळलेले पदार्थ एकेक करून, मध्ये दोन-तीन दिवस सोडून खाऊन पाहावेत आणि वहीत नोंद ठेवावी. प्रत्येकाची सहनशक्ती निराळी असल्याने दुसऱ्याची यादी आपल्याला लागू पडेलच असे नाही. मधुमेह असल्यास रताळे-बटाट्याचे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर ती तीव्र अ‍ॅलर्जी असू शकते. तेव्हा पथ्याचा विचार करत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे.